घोंगडीबुवाच्या तळीत कोणी बुडत नाही

कुडवण्याच्या घोंगडीबुवाच्या तळीत गेल्या चारशे वर्षांत एकही माणूस बुडालेला नाही. तळीच्या काठावरच्या फलकावर हे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं आहे, ग्रामपंचायतीच्या ठरावात आहे, आणि दर वर्षी जत्रेला लवू घाडी हात जोडून, खड्या आवाजात हेच देवासमोर सांगतो. लवू घाडीची मुलगी भक्ती सात वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या दिवशी, ह्याच तळीत बुडाली.

ह्या दोन गोष्टी एकाच गावात एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे कळायला आधी सर्प कळला पाहिजे.

सर्प साधासुधा नव्हता. गावात त्याला 'आग्यो' म्हणतात. सात वेटोळी, आणि एकेका वेटोळ्यात भाताच्या पेंढ्यांची एकेक उडवी मावेल एवढा पसारा. तोंडातून जाळ काढायचा. तळीच्या काठावर अर्धा करपलेला एक काजू आहे, तो आग्यानेच करपवला असं आलेल्या-गेलेल्याला दाखवतात. काजूचं झाड काही चारशे वर्षं जगत नाही. पण ज्याने सर्प मानला त्याने झाडाच्या वयावरून हुज्जत घालू नये. हा आग्यो वर्षाला एक जीव मागायचा आणि गाव मुकाट्याने द्यायचं. मग एके दिवशी फोंडाघाट उतरून एक बुवा आला. त्याच्यापाशी एक घोंगडी आणि एक जुनी पोटदुखी होती, एवढंच परंपरा सांगते. बुवा काठावर पोट धरून बसला असताना आग्याने डोकं वर काढलं. बुजऱ्या बैलाच्या डोळ्यांवर फडकं टाकावं तशी बुवाने त्याच्या डोक्यावर घोंगडी टाकली. आग्याला वाटलं रात्र झाली. तो निजला.

बुवा गावाला म्हणाला, "तो निजलेलो आसा. ह्या पाण्यात आता कोणाचो जीव जावचो नाय. गेलोच तर समजा, घोंगडी सरकली." जन्मभर घाटावर राहिलेला बुवा हे मालवणीत बोलला, ही त्याची दुसरी सिद्धी.

म्हणजे हिशेब सरळ होता. तळीत कोणी मेलं तर घोंगडी सरकली, घोंगडी सरकली तर आग्यो उठला, आणि आग्यो उठला तर गाव संपलं. म्हणून गेल्या चारशे वर्षांत जे कोणी तळीत बुडाले, ते गावाने उचलून दुसरीकडे नेऊन बुडवले. कोणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात गेला, कोणी खाडीत. एक गुराखी तर आंब्यावरून पडून मेला. कपडे चिंब होते, पण पावसाचे दिवस होते. कोणाला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. निजलेल्याची झोप मोडू नये म्हणून दार हळू लावतात, तसं हे.

लवू घाडी गाऱ्हाणं घालणारा. देवाशी गावाच्या वतीने बोलायचा मान त्याच्या घराण्याचा. तो एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेलं गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणून त्यावर शिक्का मारतं. त्याचा बाप घालायचा, आजा घालायचा, आणि चारशे वर्षांचं वाक्य तिघांनीही एकाच जागी, एकाच श्वासात म्हटलं. आजाच्या वेळीही ते चारशेच होतं.

ह्या वर्षी तळीत बोटी यायच्या होत्या. पायाने मारायच्या, दोन. पर्यटनाच्या कुठल्याशा योजनेत तळीचं नाव लागलं होतं. पाताळाला लागलेल्या ह्या तळीची खोली मोजायला एक इंजिनिअर येऊन गेला. त्याने बांबू घातला, बांबू बाहेर काढला, आणि साडेनऊ फूट म्हणून सांगितलं. देवस्थान कमिटीने त्याला 'अथांग' लिहायला सांगितलं. त्या रकान्यात फक्त आकडे बसत होते, म्हणून त्याने कागदावर साडेनऊ लिहिले आणि कमिटीला तोंडी 'अथांग' म्हणून मान डोलावली. सगळे खूश झाले.

गुरुवारी सकाळी लवू घरासमोरच्या खळ्यात बसून माडाच्या चुडतांचे हीर काढत होता, झाडू बांधायला. सरपंच शर्मिला आली.

"लवूकाका, आसास मां?"

"आसंय. ये, बस."

"बसाक वेळ नाय ओ. आयतवारी बोटी सोडतंव. मालवणसून सायेब येतले. गाऱ्हाणा तुमका घालूचा लागतला."

"माका नाय तर कोणाक? गावात दुसरो घाडी आसा काय?"

"तसा नाय. ह्या टायमाक जरा आटपशीर घाला. सायबाक फुडे वेंगुर्ल्याक जावचा आसा. गेल्या जत्रेक तुमी पाऊण तास खाल्लास."

"देव काय वेंगुर्ल्याक जाणा नाय."

शर्मिला हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आणि ता चारशे वर्सांचा मात्र सोडू नकात हां, काका. सायबाच्या फायलीत ताच आसा. 'आजवरच्या दुर्घटना' म्हणान एक रकानो होतो, तेच्यात निरंक लिवलेला आसा."

रुक्मिणी, लवूची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "आणि जाकिटां?"

"कसली गे, काकी?"

"बोटीत बसतत तेवा घालतत ती. टीवीर दाखवतत."

"अजयान हाडलेली आसत." अजयने बोटी चालवायला घेतल्या होत्या. "वीस नग. पण कमिटी म्हणता, बुवाच्या पाण्यात जाकीट घातला म्हणजे बुवाचेर इस्वास नाय असो अर्थ होता. आता मी एकटी काय करू?"

रुक्मिणी तांब्या खळ्यात ठेवून आत गेली. शर्मिलाने पाणी घेतलं नाही. ती "येतंय" म्हणून निघाली. भक्तीच्या केसांत अडकलेले कमळांचे देठ आणि शेवाळ सात वर्षांपूर्वी एकेक करून ज्यांनी काढलं, त्यात शर्मिला होती. तेव्हा ती सरपंच नव्हती, नुकती लग्न होऊन आलेली सून होती. गावाने सांगायला ठरवलेल्या विहिरीत कमळं नसतात, हे सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आलं होतं.

त्या दिवशी भक्ती माटवीला कमळाची फळं आणायला गेली होती. गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात, तिला रानातलं जे जे मिळेल ते बांधतात. घाडींच्या माटवीला कमळाची फळं हवीतच, असा तिचा हट्ट. शेजाऱ्यांच्या माटवीला नसायची म्हणून. वय सतरा, बारावीला. तीन वाजता गेली. चारपर्यंत आली नाही म्हटल्यावर रुक्मिणीने लवूला उठवलं.

मग गावाने शोध घेतला, आणि तो घेतला कसून. एस्टीचा थांबा बघितला. शाळा बघितली. गणपती रंगवतात ती शाळाही बघितली, कारण आपल्या मूर्तीचे डोळे झाले का ते बघायला ती रोज जायची. तीन विहिरींत गळ टाकून बघितले. कोणाबरोबर गेली की काय, हेही दोघा-तिघांनी हळूच बोलून बघितलं. तळीच्या पायरीवर तिच्या चपला होत्या. पाण्याला आलेल्या एका बाईने त्या बघितल्या आणि कोणाच्या तरी राहिल्या म्हणून कडेला नीट जोडून ठेवल्या.

अजय तेव्हा वीसचा. पोहणारा गडी, विजयदुर्गच्या खाडीत मामाबरोबर होडीवर जायचा. साडेचारच्या सुमाराला तो तळीच्या पायरीवर उभा राहून शर्ट काढत होता. लवू धावत तिथून चालला होता, पुढच्या वाडीत बघायला.

"काका, हंय बघू काय? उडी मारतंय."

लवूने थांबूनही बघितलं नाही. ओरडला, "तळीत कित्याक बघतंस रे? तळीत कोण बुडतां? चल, व्हाळार चल!"

घाडीच तसं म्हणतो म्हटल्यावर अजयने शर्ट पुन्हा घातला. त्याची बटणं लावत तो लवूच्या मागून व्हाळावर गेला.

सात वाजता ती आपणहून वर आली.

साडेचारला उडी मारली असती तर काय झालं असतं, हे कोणी डॉक्टरला विचारलं नाही. लवूने विचारलं नाही, कारण उत्तर दोन्हीपैकी कुठलंही आलं तरी ते घेऊन जगायचं कसं, हे त्याला कळेना. रुक्मिणीने लवूला विचारलं नाही. अजय तर वर्षभर घाडींच्या घरावरून गेलाच नाही. लांबचा रस्ता धरायचा.

काठावर पाच मानकरी जमले. त्यातला मोठा, आता हयात नाही, लवूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लवू, तुजा चेडू गेला ता गेला. पण एकदा सरकारी कागदार तळी इली, की झाला. गावान उद्या गणपती कसो बसवचो?" हे तो दुष्टपणाने बोलला नाही. रडत बोलला. लवूने मान हलवली. मग चौघांनी तिला उचललं आणि लवूने स्वतः पायाकडची बाजू धरली. शेतातल्या त्याच्याच विहिरीकडे नेली. पोलीस आले, विहिरीत वाकून बघितलं, पाणी काढताना पाय घसरला असं ऐकलं, आणि गेले. दुसऱ्या दिवशी गावात सगळीकडे गणपती बसले. घाडींची मूर्ती डोळे उघडे ठेवून शाळेतच राहिली.

आणि पुढच्या जत्रेला लवूने गाऱ्हाणं घातलं. चारशे वर्षांचं वाक्य आलं तेव्हा तो अडखळेल असं काही जणांना वाटलं होतं. तो अडखळला नाही. वाक्य आजाचं होतं, आपसूक आलं. तेव्हापासून रुक्मिणी देवळात गेली नाही. गुडघे दुखतात असं सांगायची. देवळाला तीनच पायऱ्या आहेत.

शर्मिला येऊन गेली त्या दुपारी जेवताना रुक्मिणीने त्याला भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि समोर बसली. एरवी ती बसत नसे.

"आयतवारी तुमी परत तसाच सांगतलास?"

लवूने घास थांबवला. "कसा?"

"चारशे वर्सां."

"ता माजा वाक्य नाय गे. ता गावाचा."

"गावाचा?" ती म्हणाली. "बावडी आमची, चेडू आमचा, आणि वाक्य गावाचा."

लवूने उचललेला घास परत ताटात ठेवला.

"तुमी त्या दिसा अजयाक काय सांगलास, ता मी कधी इचारूक नाय. आजव इचारणय नाय. तुमच्या जाग्यार मी आसतंय तर मीयाव ताच सांगलं असतंय. माकाव तसाच वाटायचा, तळीत कोण बुडतां." तिने ताटाजवळ पडलेलं एक शीत उचललं. "पण मेल्यावर तरी तिका थंयच ऱ्हवाक द्यायची होती. मरूक सुदिक माज्या चेडवाक आपली जागा गावली नाय."

लवू भातात बोटं घालून बसून राहिला. आमटी निवली. शेवटी तो म्हणाला, "आणि आग्यो उठलो तर?"

हे त्याने गंमतीने विचारलं नव्हतं. बी.ए. झालेली माणसंही कुडवण्यात हे गंमतीने विचारत नाहीत.

"उठांदे," रुक्मिणी म्हणाली. "माका तेका चार गोष्टी सांगूच्या आसत."

रविवारी तळीचा काठ पताकांनी सजला. बोटी आल्या होत्या. कमिटीने सर्पाच्या तोंडाच्या मागवल्या होत्या, पण कंपनीकडे हंसच शिल्लक होते, त्यामुळे चारशे वर्षांच्या आग्याच्या डोक्यावर दोन पांढरे हंस माना वळवून उभे होते. साहेब वेळेवर आले. फलक वाचून त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि म्हणाले, "चारशे वर्षं म्हणजे फारच झालं हो." शर्मिला म्हणाली, "हो सर, श्रद्धा आहे लोकांची." तीनशे-साडेतीनशे माणूस जमलं होतं. रुक्मिणीही आली होती. सात वर्षांनी पहिल्यांदा. सगळ्यात मागे, करपलेल्या काजूला टेकून उभी होती. गुडघ्यांबद्दल तिला कोणी विचारलं नाही.

लवूने पागोटं नीट केलं, नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

"हे बा घोंगडीबुवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज कुडवण्याचे मानकरी, लेकरां-बाळां, सुना-चेडवां तुज्या काठार हात जोडून उबी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या पाण्यार आज दोन बोटी सोडतंव. तेच्यात बसणाऱ्याक, चालवणाऱ्याक, काठार उब्या ऱ्हवणाऱ्याक सांबाळून घे..."

"व्हय म्हाराजा!"

"चारशे वर्सां तू ह्या पाण्याची राखण केलंस..."

"व्हय म्हाराजा!"

इथे तो थांबला. पुढचं वाक्य ओठांवर आलेलं होतं, त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. माइकमधून त्याचा श्वास काठभर ऐकू गेला.

"माजी भक्ती," लवू म्हणाला, त्याच आवाजात, त्याच चालीत, "वय सतरा, गणपतीच्या आदल्या दिसा ह्याच पाण्यात बुडली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीनशे माणसं एका दमात म्हणाली.

म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं. पिढ्यान् पिढ्यांची सवय, आधी तोंड उघडायचं आणि मग कान. पुढच्या रांगेतल्या मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कमिटीच्या अध्यक्षाचे जोडलेले हात सुटून खाली आले. पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, आणि थांबवायचं कसं हे तर कोणालाच माहीत नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

"तिका आमी उचलून माज्या बावीर नेली आणि थंय बुडली म्हणान सांगला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," ह्या वेळी निम्मे म्हणाले. त्यातलेही बरेचसे जमिनीकडे बघत.

लवूने हातातला नारळ छातीशी धरला. 

"अजय उडी मारूक उबो होतो, म्हाराजा. तेका मी परत फिरवलंय. मी म्हटलंय, तळीत कोण बुडतां."

कोणी काही म्हणालं नाही. पताका फडफडत होत्या. लवू उभा होता. ज्या वाक्यावर शिक्का पडत नाही ते देवापर्यंत पोचत नाही, हा नियम त्याला त्याच्या बापाने शिकवला होता.

मागून, काजूकडून, एकट्या बाईचा आवाज आला. मोठा नव्हता, पण साफ होता.

"व्हय म्हाराजा."

लवूने नारळ पायरीवर आपटला. तो एका घावात फुटला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मालवणात बदलून आले तरी त्यांना मालवणी येत नव्हती, ते घाईत होते आणि गाऱ्हाणंभर मोबाइलवरच बघत होते. "परंपरा फार जिवंत ठेवलीय तुम्ही," असं ते अध्यक्षांना म्हणाले. अध्यक्ष "हो हो" म्हणाले.

आग्यो उठला नाही. पाणी जसं होतं तसंच होतं, एका कडेला थोडं हिरवं. अजय बोटींच्या शेडमध्ये गेला आणि वीसच्या वीस नारिंगी जाकिटं घेऊन बाहेर आला. ती त्याने पायरीवर मांडली आणि त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. कमिटी शर्मिलाकडे बघू लागली. शर्मिलाने एक जाकीट उचललं, साहेबांच्या अंगात चढवलं, पट्टा ओढला आणि माइकवर म्हणाली, "ह्या जाकीट नाय. ही बुवाची घोंगडी आसा असा समजा. घोंगडी घातल्याबगर कोणाक बोटीत सोडूचा नाय." गावाला हे पटलं. आता तिथे जाकिटाला घोंगडीच म्हणतात, आणि बुवाने हे चारशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं असं सांगणारेही दोघे निघाले आहेत.

गर्दी पांगल्यावर अजय लवूजवळ आला. बराच वेळ नारळाच्या कवट्या गोळा करत राहिला.

"काका," तो म्हणाला, "माका आवाज इल्लो तेवा. पाण्याचो. म्हणान मी थंय उबो होतंय."

लवू पायरीवर बसला.

"सात वर्सां कोणाक सांगूक नाय," अजय म्हणाला. "तुमी सांगलास म्हणान मीयाव सांगलंय."

लवूने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ठेवलेला हात त्याला उचलता येईना.

मानकऱ्यांची संध्याकाळी बैठक झाली. एकदा "व्हय" पडलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं का, ह्यावर दोन तास बोलणं झालं आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. फलक जागच्या जागी राहिला. लवूला कोणी काही बोललं नाही. चहाला मात्र तीन घरांतून बोलावणं आलं.

सोमवारी लवू धुतलेला सदरा घालून ग्रामपंचायतीत गेला. रुक्मिणी बरोबर होती. कॉम्प्युटरवर बसणारी पूजा गावातलीच, पण खुर्चीत असली की प्रमाण मराठी बोलायची.

"काय काम होतं, काका?"

"भक्ती लवू घाडी. मेल्याच्या नोंदीत बाव लिवलेली आसा. ती खोडून तळी लिव. काय अर्ज लागता तो दी, मी सही करतंय."

पूजाने वर बघितलं. काल तीही काठावर होती. ती उठली, कपाटातून नोंदवही काढली आणि ते वर्ष शोधलं. पान सापडल्यावर तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते पुढे सरकवत नेलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबली. पुन्हा मागे येऊन वाचलं.

"काका, तुम्ही दाखला कधी वाचला नव्हता?"

"नाय. हाडलो आणि ट्रंकेत टाकलो."

तिने वही फिरवून त्यांच्यासमोर केली. रुक्मिणीला वाचता येत होतं. तिने वाचलं.

'मृत्यूचे ठिकाण' ह्या रकान्यात 'कुडवणे' एवढंच लिहिलेलं होतं; ना बाव, ना तळी. गावाच्या नावापलीकडे त्यात काही लिहीत नाहीत.